दमेकऱ्याने बिडी का ओढू नये?



या सदरात आपण दर खेपेला बेणेप्रक्रिया, हुमणी, खताचे हप्ते, खोडव्याची निगा असल्या विषयांवर बोलतो. या वेळी विषय थोडा निराळा आहे. कोजागिरी झाली, पहाटेचा गारवा सुरू झाला, आणि तोडणीचा कार्यक्रम लागायच्या सुमारास गावोगाव छातीची जी घरघर ऐकू येते तिच्याविषयी लिहायचे आहे. ऊस नोंदीच्या पडताळणीसाठी बांधावर गेले म्हणजे प्रत्येक वाडीवस्तीवर एक तरी सभासद असा भेटतो, की चार सऱ्या चालला तरी थांबतो, गुडघ्यावर हात टेकून श्वास गोळा करतो, आणि जरा बरे वाटले की बंडीच्या खिशातून बिडी काढतो.

मी डॉक्टर नव्हे, शेतकी पदविका घेतलेला माणूस. तेव्हा औषध कोणते व किती घ्यावे हे मी सांगणार नाही. ते ज्याने त्याने आपापल्या डॉक्टरांना विचारावे. पण दमा असलेल्या माणसाच्या छातीत बिडीचा धूर नेमके काय करतो, हे समजून घ्यायला मोठे शिक्षण लागत नाही. ठिबकच्या नळ्या का तुंबतात हे ज्याला कळते, त्याला हेही कळेल.

प्रथम दमा म्हणजे काय ते पाहू. नाकातोंडातून घेतलेली हवा फुफ्फुसात जाते ती नळ्यांतून. एका मुख्य नळीला दोन फाटे, त्यांना आणखी फाटे, असे होत होत शेवटच्या नळ्या दोऱ्याएवढ्या बारीक असतात. दमेकऱ्याच्या या नळ्या आतून सदा सुजलेल्या आणि हुळहुळ्या असतात. धूळ, थंड हवा, गाजरगवताचे परागकण, सर्दीपडसे, धूर, यातले काहीही लागले की तीन गोष्टी एकदम घडतात : नळीभोवतीचा स्नायू आवळतो, आतले अस्तर आणखी सुजते, आणि चिकट कफ सुटतो. नळीचे भोक तिन्ही बाजूंनी लहान होते. श्वास आत घेताना छाती फुगते तशा नळ्याही थोड्या उघडतात, म्हणून हवा कशीबशी आत जाते. सोडताना त्या मिटतात आणि हवा आतच अडकते. शिट्टी वाजल्यासारखा आवाज येतो तो ह्या अडलेल्या हवेचा.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. आपल्याकडे कोणालाही धाप लागली की त्याला 'दमा' म्हणायची पद्धत आहे. पण डॉक्टर लोक त्यात दोन आजार वेगळे करतात. खरा दमा पुष्कळदा लहानपणापासून असतो, येतो आणि जातो, औषधाने नळ्या बऱ्याचशा मोकळ्या होतात, आणि मधल्या काळात माणूस ठणठणीत असतो. दुसरा आजार वर्षानुवर्षे धूर छातीत घेतल्याने होतो. त्याला सी.ओ.पी.डी. म्हणतात. तो सहसा चाळिशीनंतर डोके वर काढतो, आणि त्यात गेलेली ताकद पुरती परत येत नाही. फुंकर मारून करायची स्पायरोमेट्री नावाची तपासणी असते, तिच्यावरून हा फरक बराचसा कळतो. सांगायचा मुद्दा असा की दमेकरी बिडी ओढत राहिला, तर पहिला आजार असतानाच दुसराही त्याला येऊन चिकटतो. मग येणारा-जाणारा दमा मुक्कामाला राहतो. ज्या सभासदाला 'पूर्वी हिवाळ्यातच त्रास व्हायचा, आता बारमाही झाला' असे वाटते, त्याने ही तपासणी जरूर करून घ्यावी.

आता बिडीकडे वळू. पुष्कळ जण म्हणतात, सिगारेट वाईट, पण बिडी म्हणजे पानात गुंडाळलेली साधी तंबाखू; तिच्यात कागद नाही, मसाला नाही. बिडीची तंबाखू कोठे पिकते हे निपाणी भागाच्या शेजारच्या सभासदांना सांगायला नको. तिच्या भावासाठी १९८१ साली तेथे झालेले आंदोलन अनेकांच्या आठवणीत असेल. पिकवणाऱ्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. पोटापाण्याचा प्रश्न आहे. पण ओढणाऱ्याचा हिशेब निराळा. एका बिडीत तंबाखू असते साधारण पाव ग्रॅम किंवा त्याहूनही कमी, म्हणजे सिगारेटच्या मानाने बरीच थोडी. असे असूनही बिडीतून छातीत जाणारा डांबरासारखा चिकट अंश व कार्बन मोनॉक्साइड वायू सिगारेटपेक्षा कमी नसतो, उलट जास्तच भरतो. याचे कारण वरच्या पानात आहे. टेंभुर्णीचे पान कागदासारखे सच्छिद्र नसते. त्यातून बाहेरची हवा आत शिरत नाही, बिडी सारखी विझू पाहते, आणि ती पेटती ठेवण्यासाठी माणूस लागोपाठ व जोराने झुरके घेतो. जितका जोर जास्त, तितका धूर खोल. आधीच ज्याच्या नळ्या अरुंद आहेत त्याने इतक्या जोराने धूर ओढणे म्हणजे काय, याचा विचार करावा.

कार्बन मोनॉक्साइड हा वायू रक्तात प्राणवायूची जागा बळकावतो. रक्तातल्या तांबड्या द्रव्याला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. दम्यामुळे प्राणवायू आधीच कमी आत येतो, आणि आला तो वाहून न्यायला रक्तात जागा नाही, अशी दुहेरी अडचण होते. दारे धरताना खोरे चार वेळा मारले तरी अंधारी येते, त्यात ह्याचाही वाटा असतो.

त्याहून महत्त्वाची गोष्ट नळ्यांच्या आतली आहे. नळ्यांच्या अस्तरावर डोळ्यांना न दिसणारी लव असते. ती सतत वरच्या दिशेने हलत असते, आणि आत आलेली धूळ व कफ हळूहळू घशाकडे ढकलत आणते. शेतातल्या चराने जादा पाणी ओढ्याकडे काढून द्यावे तसे हे काम रात्रंदिवस चालू असते. धुराने ही लव लुळी पडते आणि पुढे पुढे झडते. धुरामुळे कफ तर जास्त होतो, आणि तो वर आणणारी यंत्रणाच बंद. मग कफ नळ्यांत साचतो, त्यात जंतू वाढतात, ताप येतो, आणि दम्याला उबळ यायला तेवढे निमित्त पुरते.

यावर हमखास ऐकू येणारे उत्तर असे : "साहेब, सकाळी एक बिडी ओढल्याबिगर छातीच मोकळी होत नाही. बिडी ओढली की बेडका सुटतो."

मी अशा एका वडीलधाऱ्या सभासदाला विचारले, "तात्या, बिडी न ओढणाऱ्या तुमच्या थोरल्या भावाला सकाळी किती बेडके पडतात?" ते म्हणाले, "त्याला कशाला पडतील?" झाले! उत्तर त्यांनीच दिले. बिडीचा धूर घशाला व नळ्यांना झोंबतो, त्याने खोकल्याची ढास लागते, आणि ढास लागली की साचलेल्यातला थोडा कफ बाहेर पडतो. पण तो साचवला बिडीनेच. विहिरीत गाळ टाकायचा आणि रोज एक पाटी काढून विहीर साफ झाली म्हणायचे, असला हा प्रकार आहे.

तरीसुद्धा 'धुराने दमा बरा होतो' ही समजूत अगदीच हवेतून आलेली नाही, आणि ती कोठून आली हे सांगितले पाहिजे, नाहीतर जुनी माणसे म्हणतील की ह्या अधिकाऱ्याला काही माहीत नाही. आपल्याकडे फार पूर्वीपासून दम्यावर धोतऱ्याची वाळलेली पाने चिलमीत घालून ओढीत असत. ही माहिती मद्रासकडच्या डॉ. जेम्स अँडरसन नावाच्या इंग्रज वैद्यकीय अधिकाऱ्याकडून १८०२ च्या सुमारास इंग्लंडात गेली, आणि तेथे ते औषध इतके चालले की पुढे शंभर-सव्वाशे वर्षे विलायतेत 'दम्याच्या सिगारेटी' औषधांच्या दुकानात विकल्या जात. त्याला आधारही होता. धोतऱ्यात अ‍ॅट्रोपीन व त्याच्या जातीची द्रव्ये असतात, आणि ती नळीभोवतीचा आवळलेला स्नायू सैल करतात. आजच्या काही पंपांतले इप्राट्रोपियम नावाचे औषध याच अ‍ॅट्रोपीनपासून बनवलेले आहे. म्हणजे गुण होता तो धोतऱ्याच्या द्रव्याचा, धुराचा नव्हे. तंबाखूच्या पानात हे द्रव्य नाही. लोकांच्या ध्यानात 'चिलीम ओढली, दमा बसला' एवढेच राहिले आणि धोतरा जाऊन तेथे तंबाखू आली. मात्र हे वाचून कोणी बांधावरचा धोतरा वाळवायला घेऊ नये. त्याची मात्रा कळत नाही; जास्त झाला तर माणूस भ्रमिष्ट होतो, प्रसंगी दगावतोही.

कोजागिरीच्या रात्री खिरीतून दम्याचे औषध घ्यायला कितीतरी लोक लांब लांब जातात. श्रद्धेचा भाग आहे, त्यावर मी बोलत नाही. पण त्या रात्री जागरण करायचे म्हणून उशाशी बिडीचे बंडल ठेवणारेही मी पाहिले आहेत!

असो. आता या लेखातला मुख्य मुद्दा. बिडी दमेकऱ्याला त्रास देते एवढे तर सर्वांना ठाऊक असते. पण बिडी दम्याच्या औषधालाच निकामी करते, हे फार थोड्यांना माहीत आहे.

दम्याचे पंप मुख्यतः दोन तऱ्हेचे असतात. एक निळा, त्यात बहुधा साल्ब्युटामॉल असते. तो आवळलेला स्नायू पाच-दहा मिनिटांत सैल करतो, त्यामुळे बरे वाटते. पण तो सूज घालवीत नाही. दुसरा रोज नेमाने घ्यायचा असतो, त्यात सूज उतरवणारे स्टिरॉइड फार थोड्या मात्रेत असते. पुष्कळदा दोन्ही प्रकारची औषधे एकाच पंपात मिळतात. हा रोजचा पंप हाच दम्याचा खरा इलाज. तो घेतल्याबरोबर काही जाणवत नाही, म्हणून लोक तो सोडून देतात आणि निळ्यावर भागवतात. केवळ निळ्या पंपावर दमा सांभाळणे धोक्याचे आहे, असे जगभरच्या दमातज्ज्ञांनी मिळून २०१९ साली स्पष्ट सांगितले. आत सूज वाढत राहते, वरून बरे वाटत राहते, आणि एखाद्या रात्री निळा पंपही काम करीत नाही.

आता ग्लासगो शहरातल्या डॉक्टरांनी काय पाहिले ते ऐका. त्यांनी धूम्रपान करणारे दमेकरी आणि न करणारे दमेकरी घेतले, आणि दोघांना सारखेच स्टिरॉइड ओढायला दिले. २००२ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. न ओढणाऱ्यांना चांगला गुण आला, ओढणाऱ्यांना जवळजवळ काहीच नाही. पुढच्या वर्षी गोळ्यांच्या बाबतीतही त्यांना तसेच आढळले. तंबाखूच्या धुराने नळीतल्या सुजेची जातच बदलते, आणि स्टिरॉइड ज्या रस्त्याने सूज उतरवते तो रस्ताच पेशींच्या आत अडवला जातो. आपल्या भाषेत बोलायचे तर, चिबड जमिनीत खताचा डोस कितीही वाढवा, मुळी ते उचलत नाही. आधी चर काढून निचरा करावा लागतो. बिडी ओढणाऱ्याची छाती ही चिबड जमीन आहे. तो डॉक्टर बदलतो, पंपाची कंपनी बदलतो, 'हे औषध मला लागू पडत नाही' म्हणून भोंदूकडे जातो, उसाच्या बिलातले हजारो रुपये घालवतो, पण निचरा काही करीत नाही.

गोळीचेही तसेच. खेड्यापाड्यांत दम्यावर थिओफायलीन जातीच्या गोळ्या अजून दिल्या जातात. धूम्रपान करणाऱ्याच्या शरीरात ही गोळी लवकर खर्ची पडते, आणि नेहमीच्या मात्रेचा असर टिकत नाही. म्हणून अशी गोळी चालू असणाऱ्याने आपण बिडी ओढतो हे डॉक्टरांपासून लपवू नये. आणि बिडी सोडली तर तेही सांगावे, कारण मग तीच मात्रा जास्त होऊ शकते.

चांगली गोष्ट अशी की हे नुकसान बरेचसे भरून येते. त्याच ग्लासगोच्या डॉक्टरांनी २००६ साली धूम्रपान करणाऱ्या ३२ दमेकऱ्यांवर केलेले काम प्रसिद्ध केले. गट लहान होता हे खरे, पण ज्यांनी सहा आठवडे एकही सिगारेट ओढली नाही आणि ज्यांनी ओढणे चालू ठेवले, त्यांच्यात पहिल्या सेकंदात जोराने बाहेर सोडता येणाऱ्या हवेत सरासरी सुमारे ४०० मिलीलिटरचा फरक पडला. अर्ध्या लिटरला थोडी कमी. ज्याला एकेका श्वासाची मारामार आहे त्याला ह्याची किंमत विचारा. सहा आठवडे म्हणजे लावणीपासून पहिल्या खताच्या हप्त्यापर्यंतचा काळ, फार नव्हे.

"मी ओढत नाही, घरात दुसरे ओढतात," असे सांगणाऱ्या माउल्यांचीही संख्या मोठी आहे. २०१६-१७ सालच्या सरकारी तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात शंभर प्रौढांत जेमतेम चार जण धूम्रपान करणारे निघाले. आपल्याकडे खाणारे व मिश्री लावणारेच अधिक. पण त्याच सर्वेक्षणात देशभरात शंभरांपैकी ३८ हून अधिक प्रौढांना घरात दुसऱ्याच्या धुराला तोंड द्यावे लागते असे दिसले. ओढणारा एक आणि खोकणारे घरभर! बिडीच्या पेटत्या टोकाचा धूर तर कोणाच्याही छातीतून गाळून येत नाही, तसाच हवेत मिसळतो. धुराच्या घरात वाढलेल्या मुलाला दमा जडण्याची शक्यता जास्त असते, आणि दमा असलेल्या मुलाला झटके जास्त येतात. गरोदर बाईजवळ ओढलेल्या बिडीचा परिणाम पोटातल्या फुफ्फुसांवरही होतो. ओसरीवर बसून ओढली म्हणजे झाले असेही नाही. दार उघडे असते, आणि धुराचा वास कपड्यांना येतो तेव्हा वासाबरोबर आणखीही काही येत असते.

मिश्रीचा उल्लेख आला म्हणून सांगतो. मिश्री लावणे हे धूम्रपान नव्हे, पण ती करताना तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजतात. त्या वेळी घरात ठसका लागल्याशिवाय राहत नाही. बंद खोलीत, तान्ह्या मुलाजवळ, दमेकरी सासू-सासऱ्यांजवळ ही भाजणी कदापि करू नये. (मिश्रीने तोंडाचे जे होते तो वेगळा विषय आहे, आणि मोठा आहे.) डासांच्या कॉइलबद्दलही थोडे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एक कॉइल पूर्ण जळल्यावर ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म धूलिकण हवेत येतात असे मोजले गेले. दमेकरी निजतो त्या खोलीत मच्छरदाणी बरी.

आता माझ्या खात्याची गोष्ट. तोडणी झाली की पाचट पेटवायची घाई अजून काही सभासदांना असते. संध्याकाळी वारा पडतो, धूर जमिनीलगत पसरतो, आणि शेजारच्या वस्तीवरचा दमेकरी रात्रभर बसून काढतो. फडाच्या कडेला कोप्यांत राहणाऱ्या ऊसतोड मजुरांची पोरे तर त्याच धुरात निजलेली असतात. एका हेक्टरात सुमारे ८ ते १० टन पाचट निघते. ते पेटवले तर काही मिनिटांत सेंद्रिय कर्ब आणि नत्र धुरात जाते. तेच सरीत ठेवून दर टनी ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट व १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू खत टाकले, तर खोडव्याला खतही होते आणि ओलही टिकते. हे आपण दर हंगामात सांगतो. दमेकरी सभासदाने मात्र आपला किंवा शेजाऱ्याचा फड पेटणार असे कळले तर त्या संध्याकाळी तेथे थांबू नये, आग आवरायला तर मुळीच जाऊ नये. आणि त्या धुरातून घरी येऊन 'शीण आला' म्हणून बिडी पेटवणे, हा तर कहर झाला.

बिडी सोडायची कशी? सोपे आहे असे मी म्हणणार नाही. निकोटीनची सवय शरीराला लागलेली असते, आणि ती मनाच्या निश्चयाला दाद देत नाही. पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण. चिडचिड होते, झोप येत नाही, कशात लक्ष लागत नाही. दोन ते चार आठवड्यांत ही ओढ बरीच उतरते. तलफ आली की ती काही मिनिटेच जोरात असते. तेवढा वेळ पाणी प्या, बडीशेप चघळा, मोटर पाहून या, कोणाशी तरी बोला. काहींना बिडी सोडल्यावर पहिले काही आठवडे खोकला व कफ उलट वाढल्यासारखा वाटतो. घाबरून परत बिडी धरू नये. लुळी पडलेली लव पुन्हा कामाला लागल्याची ती खूण असते. कफात रक्त, ताप किंवा वाढती धाप असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवावे. या काळात रोजचा पंप बंद करू नये, आणि तो घेतल्यावर पाण्याने खळखळून चूळ भरावी.

बिडी सोडून गायछाप धरणे हा तोडगा नव्हे. निकोटीनची सवय तशीच राहते आणि लग्नकार्यात एखाद्याने बिडी पुढे केली की गाडी मूळ पदावर येते. निकोटीनचा डिंक किंवा चट्टी मिळते, ती डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावी. सरकारचा १८००-११-२३५६ हा मोफत दूरध्वनी २०१६ पासून आहे. तेथे फोन केल्यास तंबाखू सोडण्यासाठी सल्ला मिळतो. वीज नसलेल्या ई-सिगारेटी नाहीत, आणि वीज असलेल्या ई-सिगारेटींवर देशात २०१९ पासून बंदी आहे, तेव्हा शहरातल्या पाहुण्याने दिलेले ते यंत्रही नको.

आपल्या रीतीभातींचाही यात भाग आहे. पाहुणा आला की चहाबरोबर बिडीचे बंडल पुढे सरकवायचे, टोळी फडात उतरली की मुकादमाच्या हातात बिडी-काडी द्यायची, भावकीची बैठक बसली की एकाच काडीवर तिघांनी पेटवायची. ज्याला दमा आहे हे साऱ्या गावाला ठाऊक आहे त्यालाही आपण 'घ्या हो, एकाने काय होतंय' म्हणून आग्रह करतो. तो आग्रह ह्या हंगामापासून थांबवावा, अशी माझी विनंती आहे. वजनकाटा, गट ऑफिस, कारखान्याचे आवार ही सार्वजनिक ठिकाणे आहेत, आणि २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी असून दंडाची तरतूद आहे. बगॅसच्या ढिगाजवळ पडलेले एक थोटूक काय करू शकते हे तर निराळे सांगायला नको.

शेवटी, दम्याचा झटका आला तर घरच्यांनी काय करावे ते पाठ असू द्या. माणसाला आडवे निजवू नये. उशी मांडीवर देऊन थोडे पुढे झुकवून बसवावे. गळ्याजवळचे कपडे सैल करावेत, भोवतीची गर्दी हटवावी, चूल, उदबत्ती, बिडी जे काही पेटले असेल ते विझवावे. डॉक्टरांनी सांगून ठेवलेले निळ्या पंपाचे झोत एकेक करून, शक्यतो स्पेसरच्या नळकांड्यातून द्यावेत. स्पेसरने औषध घशात न अडकता छातीत जास्त पोचते. बोलताना वाक्य पुरे होत नसेल, ओठ-नखे निळसर दिसत असतील, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल किंवा पंप देऊनही उतार पडत नसेल, तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करावा. गाडी येईपर्यंत पंप देणे चालू ठेवावे. वस्ती रस्त्यापासून आत असेल तर एका माणसाला बॅटरी देऊन फाट्यावर उभे करावे, कारण उसाच्या रानात रात्री ड्रायव्हरला वाट सापडत नाही. वस्तीवर दमेकरी असेल त्यांनी फाट्यापासूनची वाट, जवळच्या दवाखान्याचा नंबर आणि चालू औषधांची नावे एका कागदावर लिहून तो दारामागे लावून ठेवावा. लिहिता येत नसेल तर स्लिपबॉयला सांगा, तो लिहून देईल.